झाडीतली सुई

"मित्रहो, आज तुम्ही सगळे इथे जमलात, याबद्दल… छे! मंडळी, आपल्या अवतीभवती… नाही, हेही नको."

मी टेबलाखाली होते. ग्रंथालयाच्या सभागृहातला माइक दर शनिवारी शिट्ट्या मारतो आणि दर शनिवारी मामाचा मला फोन येतो — "बाळा, तू कानाची डॉक्टर ना? जरा येऊन बघ." मी डॉक्टर नाही, मी लोकांचे कान तपासते, आणि कान वेगळे, माइक वेगळा, हे मामाला सांगून सांगून माझी जीभ झिजली. पण मामाला नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही. म्हणून मी वायरी हातात धरून गुडघ्यांवर बसले होते, आणि टेबलावरून लोंबणाऱ्या कापडाच्या पलीकडे चिखलाने भरलेल्या बुटांचा एक जोड इकडून तिकडे फेऱ्या मारत होता.

"नमस्कार. आज मी पक्ष्यांविषयी थोडंसं… थोडंसं काय? तासभर बोलणार आहेस ना?"

मला राहवलं नाही. "'नमस्कार'पर्यंत बरं होतं," मी खालून म्हटलं.

बूट जागच्या जागी उडाले. मग कापड हळूच वर झालं आणि एक उलटा चेहरा आत डोकावला. दाढी दोन दिवसांची, डोळे मोठे आणि भयंकर जागे.

"तुम्ही… केव्हापासून आहात इथे?"

"'मित्रहो'च्या आधीपासून."

"म्हणजे सगळं ऐकलंत."

"ऐकणं हा माझा धंदाच आहे."

तो हसला. उलटं हसू फार मजेशीर दिसतं. मी बाहेर येताना टेबलाच्या कडेवर डोकं आपटून घेतलं आणि तो घाईघाईने "लागलं का?" म्हणाला, तेव्हा कुठे मला कळलं की हाच तो पक्षीमास्तर. मामाच्या तोंडून हे नाव मी इतक्यांदा ऐकलं होतं, की माझ्या डोळ्यांसमोर मफलर गुंडाळलेले, खोकणारे एक गृहस्थ उभे होते. प्रत्यक्षात हा माझ्याच वयाचा निघाला. शाळेत जीवशास्त्र शिकवायचा, म्हणून मास्तर.

मामाच्या निसर्ग मंडळाविषयी सांगायला हवं. सगळी निवृत्त मंडळी. दर शनिवारी संध्याकाळी कुणीतरी बोलायचं — कधी साप, कधी फुलपाखरं, कधी ओढ्याचं पाणी — आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारून त्याला हैराण करायचं. मी आजवर माइक लावला की पळायचे. त्या दिवशी मात्र शेवटच्या रांगेत बसले. का, ते विचारू नका. मला सगळ्यात नाक खुपसायची खोड आहे, एवढंच सांगते.

आणि खरं सांगू, तो बोलायचा छान. लॅपटॉपवर एकेका पक्ष्याचा आवाज लावायचा, पण त्याआधी ओठांवर बोट ठेवून सगळ्या सभागृहाकडे बघायचा. खुर्ची करकरली तरी थांबायचा. अगदी चिडीचूप झालं की मगच आवाज सुरू. साध्या कावळ्यासाठीसुद्धा हा थाट! "ओळखा, कोण?" तो विचारायचा. एकदा करकर करत लांबलेला आवाज आला, तर पहिल्या रांगेतले फोटोकाका ठणकावून म्हणाले, "आमच्या कपाटाचं दार!" सगळे खो-खो हसले. काकांचा पूर्वी फोटो स्टुडिओ होता, अजूनही गळ्यात कॅमेरा असतोच.

"आणि आता," मास्तर म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम मऊ झाला, "आपली लाडकी सुई."

सुई म्हणजे अंगठ्याएवढा हिरवट पक्षी. पुस्तकातलं नाव लांबलचक आहे, पण त्याचं गाणं सुईसारखं बारीक, म्हणून मंडळाने ठेवलेलं हे नाव. त्याने कळ दाबली. अगदी झिरझिरीत, घाईघाईचे स्वर एकापाठोपाठ वर चढत गेले आणि टोकाला जाऊन त्यांनी एक गिरकी घेतली.

आणि तो त्या आवाजावरच बोलत राहिला! कावळ्यासाठी अख्खं सभागृह गप्प करणारा हा माणूस, लाडक्या सुईचं गाणं चालू असताना खुशाल बोलत होता. "हा आवाज आता आपल्याला इथेच ऐकायचा. ओढ्याकाठच्या झाडीत दरवर्षी कमी कमी होत होता. यंदा एकदाही नाही."

सभागृहात हळहळ पसरली. मी मात्र कपाळाला आठ्या घालून त्याच्याकडे बघत बसले. माणसं कुठे कान टवकारतात आणि कुठे नुसतं ऐकल्याचं सोंग करतात, हे बघण्यात माझा दिवस जातो.

चहाच्या वेळी तो कप घेऊन थेट माझ्यापाशी आला.

"सुईच्या वेळी तुम्ही आठ्या का घातल्यात?"

"तुमचं लक्ष भाषणाकडे होतं की माझ्या कपाळाकडे?"

"भाषण मला पाठ आहे," तो म्हणाला. "कपाळ नवीन होतं."

कान तापले माझे! मी चहात तोंड घातलं. "मी… एवढंच म्हणत होते, की तो पक्षी खरंच गेला?"

त्याचा चेहरा उतरला. मग त्याने सांगितलं. ओढ्याकाठची झाडी पालिकेला तोडायची होती, तिथे वाहनतळ करायचा होता. सुई तिथे घरटी करते, एवढ्या एका गोष्टीवर मंडळाने आजवर ती वाचवली होती. पण पालिकेने यंदाची मोजणी मागितली होती आणि पुढच्या सोमवारी बैठक होती.

"मोजणी कोण करतं?"

"मी. दरवर्षी एकच माणूस, एकच वाट, पहाटेची एकच वेळ. हा नियम मीच केला," तो जरा अभिमानाने म्हणाला. "माणूस बदलला की आकडे बदलतात, मग वर्षावर्षांची तुलना कशी करणार?"

"आणि तुम्ही पालिकेला सांगणार, सुई नाही?"

"नाही तर नाही म्हणावं लागेल ना. आपल्या सोयीचं खोटं आज बोललो, तर उद्या आपलं खरं कोण ऐकेल?" मग तो जरा अडखळला. "उद्या पहाटे मी झाडीत जाणार आहे. शेवटचं बघून घेतो. तुम्ही… येता? म्हणजे, ऐकणं तुमचा धंदा आहे, म्हणून आपलं…"

"धंदा म्हणून येऊ?"

"नाही," तो घाईने म्हणाला. "तशाच या."

गेले. रविवारी आठच्या आत माझा डोळा कधी उघडत नाही, आणि त्या दिवशी मी पहाटे आरशापुढे उभी राहून ओढणी निवडत होते. मामी जिन्यात भेटली. "पक्षी बघायला चाललीस," ती म्हणाली, "की पक्ष्यांनी तुला बघायचंय?"

झाडीत ओल होती. पानांवरून रात्रीच्या पावसाचं पाणी ठिबकत होतं. वाटेला वळण आलं की तो थांबायचा, डोळे मिटायचा आणि नुसता उभा राहायचा. त्याला असं ऐकताना बघणं… कसं सांगू? माणूस इतका मनापासून ऐकू शकतो, हे मी माझ्या दवाखान्यातही पाहिलं नव्हतं. मध्येच डोळे न उघडता बोट वर करून सांगायचा, "तो बघा, सुतार… पलीकडे होला… आणि हे कपाटाचं दार." मी हसले की त्याच्याही गालावर हसू फुटायचं.

तिसऱ्या की चौथ्या वळणावर तो असाच उभा होता, आणि माझ्या उजव्या हाताच्या झाडातून आवाज आला. झिरझिरीत. घाईघाईचा. वर चढत गेलेला. टोकाला गिरकी.

मी श्वास रोखून त्याच्याकडे पाहिलं. आता हा उडी मारेल, आता माझा हात धरेल…

"बघा," तो डोळे मिटूनच म्हणाला, "किती शांत झालंय इथे."

सुई पुन्हा गायली. तो शांतता ऐकत होता.

रोज कितीतरी लोकांना मी सरळ सांगते — आजोबा, तुमचा डावा कान उतरलाय. ताई, फोन उजव्या कानाला लावा. त्याला मात्र एक शब्द सांगता आला नाही. तो मला आवडायला लागला होता, हे तिथे, त्या ओल्या वाटेवर मला स्वच्छ कळलं. आणि जे सांगायचं होतं, ते त्याच्या जिवावरचं होतं. मी जिभेवर आलेलं गिळलं आणि भलतंच बोलले.

"तुम्ही कधी कान तपासलेत?"

"हे काय, पहिल्याच भेटीत?"

"दुसऱ्या. पहिली टेबलाखाली झाली."

तो मोठ्याने हसला. "बरं. बुधवारी शाळा सुटली की येतो. तपासणी की उलटतपासणी?"

"या तर खरं."

माझा दवाखाना चष्म्याच्या दुकानावर आहे. एक खोली, आणि त्या खोलीत कपाटाएवढी दुसरी खोली — भिंतींना जाड गादी, एक खुर्ची, एक काच. आत बसायचं, कानाला हेडफोन लावायचा, आवाज आला की हातातलं बटण दाबायचं. त्याने आत बसल्यावर काचेतून मला सलाम ठोकला. जाड आवाज दिले, बटण लगेच दाबलं गेलं. मधले दिले, तेही. मग मी बारीक आवाजांकडे वळले.

बटण थांबलं.

मी आवाज वाढवला. आणखी वाढवला. आणखी. काचेपलीकडे तो बटणावर अंगठा ठेवून बसला होता, माझ्याकडे बघून मंद हसत, आता येईल मग आता येईल म्हणून वाट बघत. आवाज केव्हाचा चालू होता. मला यंत्राच्या पडद्याकडे बघणं अशक्य झालं.

तो बाहेर आला तेव्हा अजून हसतच होता. "पास?"

"लहानपणी कधी मोठ्या आवाजात काम केलंय?"

"वडिलांचा पत्र्याचा कारखाना होता. शाळा सुटली की तिथेच. का?"

मी सांगितलं. रोज सांगते तसं सांगायचा प्रयत्न केला — जाडे आवाज नीट आहेत, बोलणं कळायला फारशी अडचण नाही, म्हणून इतकी वर्षं लक्षात आलं नाही. पण वरचे, अगदी बारीक आवाज… ते हळूहळू गेले. दरवर्षी थोडे थोडे.

तो हुशार होता. 'दरवर्षी' या शब्दावरच तो थांबला.

"रविवारी," तो अगदी हळू म्हणाला, "ती होती?"

"होती. उजव्या हाताच्या झाडात. दोनदा गायली."

"आणि मी म्हणालो, किती शांत. लॅपटॉपवरही ती येईनाशी झाली, तर मी स्पीकरला दोष देत होतो."

मी हो म्हणून मान हलवली.

"तेव्हाच का नाही सांगितलंत? हसू आलं असेल ना मनात? पक्षीमास्तर!"

"हसू?" माझा आवाज चढला. "मला रडू येत होतं! आणि तुम्ही मला आवड… तुम्हाला सांगायचं माझ्याने झालं नाही!"

अर्धा शब्द निसटला तो निसटलाच. पण त्याने तो ऐकला की नाही, देव जाणे. तो खिडकीतून बाहेर बघत होता. "एकच माणूस मोजणार," तो म्हणाला, "हा नियम माझा. कुणाला सोबत घेतलं असतं, तर पहिल्याच वर्षी कळलं असतं. झाडी तुटणार ती माझ्या सांगण्यावरून."

तो उठला आणि जिना उतरला. बाहेर भुरभुर पाऊस होता. त्याची छत्री माझ्या दाराशीच राहिली आणि तो ती न्यायला परत आला नाही. मी गुरुवारी वाट पाहिली, शुक्रवारी पाहिली. फोन करायला हात जायचा आणि मागे यायचा. चूक दाखवणाऱ्या माणसावर कोण प्रेम करतं, असं मनात येऊन मी स्वतःवरच चिडायचे.

शनिवारी मामाची पाचावर धारण बसली होती. "मास्तर फोन उचलत नाही. सोमवारी पालिकेत काय सांगायचं?" सभागृह भरलं होतं. मी माइक लावला, आणि तो शहाण्यासारखा गप्प राहिला. तेवढ्यात दारातून मास्तर आला. सरळ पुढे जाऊन उभा राहिला. आज 'मित्रहो' नाही आणि 'नमस्कार'ही नाही.

"सुई झाडीतच आहे," तो म्हणाला. "मला ती ऐकू येत नाही. मला ऐकू येत नाही म्हणून ती नाही, असं मी तुम्हाला सांगत आलो. माझी चूक झाली."

टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. माझे डोळे भरून आले. चार लोकांसमोर, ज्या एका गोष्टीसाठी सगळे त्याला मानत होते, तीच आपल्यात उरली नाही हे सांगायला केवढी छाती लागते!

मग फोटोकाका खाकरले. "आता निघालंच आहे म्हणून सांगतो," ते म्हणाले. "मला ती कधीच ऐकू आली नाही. सगळे माना डोलवायचे, म्हणून मीही डोलवायचो."

"अय्या, मीसुद्धा!" मागून एक काकू म्हणाल्या.

"मला वाटलं, मलाच येत नाही," असं तिसरं कुणीतरी. बघता बघता सगळ्या सभागृहाने कबुली दिली. सुईवर जीव टाकणारं अख्खं मंडळ, आणि सुई ऐकलेलं कुणीच नाही! प्रत्येकाला लाज वाटत होती आणि प्रत्येकाने मास्तरच्या कानांवर भार टाकला होता. हसून हसून मामाने चष्मा काढला. मग एकदम गंभीर झाला.

"पण पालिकेला पुरावा काय द्यायचा? 'आमच्या भाचीला ऐकू आलं' असं सांगू?"

"रेकॉर्डिंग दिलं, तर म्हणतील लॅपटॉपवरचंच आहे," मास्तर म्हणाला. "फोटो पाहिजे. झाडीतला, यंदाचा." मग त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "मला ऐकू येत नाही, पण दिसतं चांगलं. कुठे बघायचं, एवढं कुणीतरी सांगायला हवं."

"सांगेन," मी म्हटलं.

रविवारी पहाटे सगळं मंडळ झाडीच्या तोंडाशी थांबलं. आम्ही दोघं पुढे, फोटोकाका दबकत मागे. पहिल्या वळणावर काही नाही. दुसऱ्यावर काही नाही. आजच गेली असेल तर?

आणि मग… झिरझिर.

मी हात वर केला. "तिथे. वाकडं झाड. डावीकडे… थोडं वर… थांबा, सरकली. आता उजवीकडे."

तो माझ्या अगदी मागे येऊन उभा राहिला. माझ्या दंडाला गाल टेकेल इतका वाकून, माझ्या हाताच्या रेषेत त्याने दुर्बीण धरली. मी हात हलवला की तो हलायचा, मी थांबले की थांबायचा. त्याचा श्वास मला ऐकू येत होता, आणि माझं काळीज इतकं धडधडत होतं की सुई ऐकू येईना.

"हात कापतोय तुमचा," तो कुजबुजला.

"थंडी आहे."

"हो का?" आणि मग एकदम, "दिसली! चोचीत अळी आहे… थांबा… गेली आत. घरटं आहे! पिल्लं आहेत!" त्याने हातानेच काकांना खूण केली. कॅमेरा खटखटला. मास्तर दुर्बीण खाली घेऊन माझ्याकडे बघत राहिला. डोळ्यांत पाणी, ओठांवर हसू.

सोमवारी पालिकेत मामाने फोटो टेबलावर मांडले. साहेबांनी विचारलं, "गेल्या वर्षीपर्यंत तुम्हीच संपत आली म्हणत होता?" मास्तर उठला आणि स्वतःविषयीचं सगळं पुन्हा एकदा, तितक्याच सरळपणे सांगून बसला. मग बरीच कुजबुज झाली, नकाशे उलगडले, आणि अखेर ठरलं — झाडी राहील. वाहनतळासाठी बाजारामागचं मैदान बघायचं. माझा जीव भांड्यात पडला.

मंडळी पालिकेच्या पायऱ्यांवर चहा पीत एकमेकांना टाळ्या देत होती. तो मात्र कडेच्या पायरीवर एकटाच बसला होता. मी शेजारी जाऊन बसले. समोर रस्त्यावर हॉर्नचा नुसता कल्ला होता.

"मशीन लावलं कानाला, तर येईल ऐकू?" त्याने विचारलं.

त्याला खोटं चाललं नसतं. "बरंच काही येईल. सुई… बहुतेक नाही."

त्याने मान डोलावली. "मला ती पाठ आहे असं वाटायचं," तो म्हणाला. "पण आता माझ्या आठवणीचाही भरवसा वाटत नाही. कशी गाते ती? सांग ना."

'सांग ना' म्हणाला तो. 'सांगा' नाही.

आता सुई तोंडाने कशी सांगणार? मी त्याचा हात माझ्या मांडीवर ओढून घेतला आणि उघडला. मनगटापाशी नखाने हलकेच टिचकी मारली. मग दुसरी, मग तिसरी, जवळजवळ, घाईघाईने, तळहातावरून वर चढत बोटांकडे, आणि मधल्या बोटाच्या टोकाला पोहोचल्यावर एक छोटीशी गिरकी.

त्याने डोळे मिटले होते. अगदी झाडीत मिटायचा तसे.

"पुन्हा," तो म्हणाला.

मी पुन्हा वाजवली. "पुन्हा." तिसऱ्या वेळी गिरकी घ्यायच्या आतच त्याने माझं बोट मुठीत धरलं.

"दवाखान्यात तू अर्धा शब्द बोललीस," तो डोळे उघडून म्हणाला. "तो मला ऐकू आला होता. माझा पूर्ण ऐक. तू मला आवडतेस."

हॉर्नच्या वरताण म्हणून तो इतक्या मोठ्याने बोलला, की पायऱ्यांवरच्या टाळ्या थांबल्या. मामाचा कप वाटेतच अडला.

"हळू!" मी दात आवळून म्हटलं. "सगळे ऐकतायत."

"ऐकू दे. तू बोल. आणि हळू बोललीस, तर मला कळणार नाही."

मी एकदा मामाकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. माझे कान पेटले होते. मग मी पोटात दम भरून घेतला आणि रस्त्यापलीकडच्या दुकानातही जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं, "मलाही तू आवडतोस!"

सगळी मंडळी आमच्याकडे वळून बघत होती. मी त्याच्या मुठीतलं बोट काढून घेतलं नाही.